नवमीला आई येणार

आई परत येणार आहे ही बातमी आत्तीनं मला भाकरी थापता थापता दिली. भोरच्या बाजारातून मीठ-मिरची येणार आहे असं सांगावं, तशी. "तुज्या आबाचं लगीन ठरलंय. पानशेतकडची पोरगी हाय. आन् ती आली म्हंजी तिच्या गळ्यात बसून तुजी आईबी येनार." एवढं बोलून तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मला चुलीत काटक्या सारायला सांगितल्या. मी काटकी हातात धरून तशीच बसले. पुढं आयुष्यभर बायका मला विचारत आल्या, सावत्र आई येणार म्हटल्यावर तू रडली असशील ना गं? खरं सांगते, लग्नाचं ते वाक्य माझ्या कानाबाहेरच राहिलं. आत शिरलं ते एवढंच, की आई येणार. मी काटकी टाकून उठले आणि अंगणात गरागरा गिरक्या घेतल्या. आत्ती आतून ओरडली, "जाळ इझला की गं, भवाने!"

गोदाआत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. तरण्या वयात नवरा गेला तशी ती माहेरी आली आणि आमच्या घराचा कारभार तिनं हातात घेतला. भाटघर धरणाचा फुगवटा जिथं डोंगराच्या पोटात शिरतो, तिथं वरच्या अंगाला आमची वाडी. खाली पाणी, वर रान, मधे भाताची खाचरं. पलीकडच्या काठाला एसटीचा हॉर्न वाजला की तो पाण्यावरून थेट आमच्या चुलीपाशी यायचा, आणि आत्ती म्हणायची, "आपल्याला ह्ये पल्याडचं ऐकू येतं ना, तसंच त्यांस्नी आपलं ऐकू येतं." 'त्यांस्नी' म्हणजे मेलेल्या माणसांना. त्यांच्या मुलखाची माहिती तिला अशी होती, की तिचं तिथं रोजचं जाणं-येणं असावं. कोण मुंजा होऊन पिंपळावर बसलं, कुणाला वाट सापडली नाही, कोण सुखानं पोचलं, सगळं तिला तोंडपाठ. तिकडची माणसं नुसता वास जेवतात, हे तिनंच सांगितलेलं. म्हणून श्राद्धाचे वडे ती तेलात जरा जास्तच वेळ ठेवायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, आपलं एक वर्ष हा त्यांचा एक दिवस. आपण त्यांना वर्षातून एकदा जेवू घालतो, पण त्यांच्या लेखी ते रोजचंच जेवण असतं. हे ऐकलं आणि मी मनातल्या मनात मांडणी केली. आई तापानं गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. म्हणजे तिला निघून कालचा दिवस आणि आजची सकाळ, एवढाच काय तो वेळ. इतक्यात का ती मला विसरते! मला इतका आनंद झाला, की मी तो हिशेब गोठ्यात जाऊन म्हशीलाही सांगितला.

आमच्याकडं रीत अशी होती, की बिजवराला दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे बाईची आकृती ठोकलेला चांदीचा पत्रा, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, काळ्या दोऱ्यात ओवलेला. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं. बांगड्या भरायच्या तर आधी टाकाला दाखवायच्या. हळदीकुंकू, सणाचा घास, सगळ्यावर पहिला मान पहिलीचा. मान चुकला तर पहिली रुसते, आणि रुसलेली पहिली काय काय करते याच्या कथा आत्तीकडं पोत्यानं होत्या. आता हे कुणी फारसं करत नाही. मी सारोळ्याला मुलाकडं असते, हायवेच्या कडेला त्याचं हॉटेल आहे. परवा तिथं बसून नातीला हे सांगत होते तर ती मोबाईल खाली ठेवून म्हणाली, "बापरे आजी, मेलेल्या बाईला गळ्यात घालायचं? तुला भीती नाही वाटली?" अगं, भीती कसली? आमच्या घरात आईचा एकही फोटो नव्हता. रात्री डोळे मिटून मी तिचा चेहरा आणायला बघायची आणि तो रोज थोडा थोडा पुसट येत होता. तिला आता चेहरा मिळणार होता, चांदीचा!

टाक करायला आम्ही भोरला गेलो. आबा, आत्ती आणि हट्टानं मी. एसटीत मी खिडकीशी बसले आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "आमी माज्या आईला आनाय चाललोय." ती म्हणाली, "बरं झालं बाई, माहेराला गेली व्हती का?" आत्तीनं मला चिमटा काढला. भोरला बाजाराचा दिवस होता, गर्दीतून वाट काढत आम्ही सोनाराच्या दुकानात शिरलो. सोनार म्हातारा होता, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याच्याकडं ठसा एकच, पदर घेतलेली, हात जोडलेली बाई. भोर-वेल्ह्यातल्या यच्चयावत पहिल्या बायका त्या एकाच ठशातून निघत असणार. त्यानं पत्रा ठशावर ठेवून ठोकला, उचलून माझ्यापुढं धरला, आणि मी भोकाड पसरलं. "ही माजी आई न्हाई!"

आबा कावरेबावरे झाले. सोनार मात्र चिडला नाही. "मग कशी व्हती तुजी आई?" त्यानं विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काही सांगताच येईना. कशी होती म्हणजे? आईसारखी होती. शेवटी मी डाव्या गालावर बोट टेकवलं. "हितं तीळ व्हता." सोनारानं मान डोलावली, पत्रा पालथा घातला, मागून बारीक खिळा टेकवला आणि हलकेच एक टोला दिला. उलटून बघतो तर तीळ उमटला होता छान, पण उजव्या गालावर! पत्रा पालथा घातल्यावर डावं-उजवं बदलतं हे इतकी वर्षं ठोकठोक करून तो माणूस त्या क्षणी विसरला होता. बिचारा ओशाळला, वितळवून पुन्हा करून देतो म्हणाला. आत्तीनं टाक त्याच्या हातातून काढून घेतला. डोळ्यांजवळ नेला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पल्याड समदं उलटंच असतं. भुताची पावलं उलटी, पितरांना पानी द्यायचं तर जानवंबी उलटं घालत्यात. मग येकटा तीळच सुलटा का ऱ्हाईल? आता खरी दिसती तुजी आई, सुंदरा." आणि मलाही ते एकदम पटलं. आई तिकडून बघत होती ना, मग तीळ उजवीकडंच दिसणार! येताना आबांनी कांदाभजी घेतली. मी पुडीतलं पहिलं भजं टाकाच्या कागदाला लावलं, तेव्हा आबा तोंड फिरवून एसटीची पाटी वाचत उभे राहिले.

वैशाखात लग्न झालं आणि हौसामावशी आली. मी तिला आई म्हणावं असं कुणीच म्हणालं नाही, मावशी म्हण म्हणाले, मी म्हणू लागले. ती उंच होती, अंगानं दणकट, दोन हंडे डोक्यावर घेऊन चढण अशी चढायची की आमच्या वाडीतल्या बायका थांबून बघायच्या. तांदळाच्या भाकरीपेक्षा नाचणीची तिला जास्त आवडायची, हुलग्याचं माडगं ती फार छान करायची. हसायला लागली की मोठ्यानं हसायची, आणि मधेच गप्प व्हायची. हात गळ्याकडं जायचा, टाक चाचपायची, मग कामाला लागायची. पाणीसुद्धा ती आधी टाकाला दाखवून प्यायची. आत्ती खूश होती. "रीत सांभाळनारी हाय," म्हणायची. मीही खूश होते, कारण माझ्या आईचा एवढा मान आमच्या घरात कुणी कधी ठेवला नव्हता. आई जिवंत होती तेव्हा सगळ्यांच्या शेवटी जेवायची.

शाळा देवळात भरायची. सुटली की मी धावत घरी यायची आणि मावशीच्या पुढं उभी राहायची. पहिल्या दिवशी तिला कळेना. "काय पायजे?" म्हणाली. मी म्हटलं, "तुज्याशी न्हाई, आईशी बोलायचंय." मग तिनं हातातला तांब्या खाली ठेवला, पदर बाजूला केला, हनुवटी वर उचलली आणि आढ्याकडं बघत उभी राहिली. "बोला तुमी मायलेकी. म्या ऐकत न्हाई." मग मी तिच्या गळ्याशी तोंड नेऊन सगळं सांगायची. मास्तरांनी काय शिकवलं, कुणाची गाय व्याली, आत्ती कुणाशी भांडली. आणि मावशीच्या तक्रारीसुद्धा, तिच्याच गळ्याशी! "आई, ही भाकरी लई जाड करती. कोर मऊ लागत न्हाई." मावशी आढ्याकडं बघत उभी. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी भाकरी पातळ! आईनं ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, केलं होतं!

मग मी आईची परीक्षाच घेतली. म्हटलं, आई, मला लाल रिबीन पायजे. पुढच्या बाजाराला आबांनी लाल रिबीन आणली, न सांगता. म्हटलं, आई, मला आत्तीपाशी झोपायचं नाही, ती घोरते. त्याच आठवड्यात माझी वाकळ मावशीनं पडवीत घातली. मला जग जिंकल्यासारखं झालं. वाडीत कुणाच्या आईला पोरांचं म्हणणं ऐकायला सवड नव्हती, आणि माझी आई मरून बसली होती तरी रोज ऐकत होती! ही गोष्ट पोटात ठेवणं शक्यच नव्हतं. मी शाळेत सांगितली. आठ दिवसांत पोरींची रांग लागली. कुणाला बांगड्या हव्यात, कुणाची शेळी हरवलीय. मावशी जात्यावर बसलेली असली की आम्ही भोवती कोंडाळं करायचो आणि ती जातं थांबवून हनुवटी वर करायची. शेळी सापडली. बांगड्यांचं काही झालं नाही. एका पोरीनं मास्तरांना ताप येऊ दे म्हणून सांगितलं, तेही झालं नाही, तेव्हा मी सगळ्यांना बजावलं, की आईला मास्तर आवडायचे, उगीच भलतं मागू नका.

पितृपंधरवडा जवळ आला. त्यात नवमी असते, नवऱ्याच्या आधी गेलेल्या, अहेव मेलेल्या बायांची. त्या दिवशी एका सवाष्णीला मेलेलीच्या नावानं जेवू घालायचं, ओटी भरायची. आईचं वर्षश्राद्ध होऊन गेल्यावरची ही पहिलीच नवमी. आत्ती एकदा बोलता बोलता म्हणाली, सवाष्णीच्या तोंडानं तीच जेवत असते. माझं डोकं लगेच चालायला लागलं. जेवते, तर बोलेल का नाही? संध्याकाळी मावशी अंगणात तुळशीपाशी दिवा लावत होती. मी तिला तिथंच अडवलं. हनुवटी वर गेली. "आई, रिबीन नको, काय नको," मी म्हटलं. "नवमीला तू खरीखुरी ये. मावशीच्या अंगात ये आन् मला हाक मार." मावशीच्या गळ्याची शीर उडाली, एवढं मला आठवतं. तिनं खाली बघितलं नाही.

सकाळपर्यंत वाडीभर झालं होतं. सुंदरा येणार. आत्तीनं तर ठरवूनच टाकलं, की बाहेरची सवाष्ण कशाला, जिच्या गळ्यात ती आहे तिच्याच तोंडानं जेवेल. मावशी हळूच म्हणाली, "वन्सं, म्या नको. दुसरं कुनीतरी बोलवा." आत्ती म्हणाली, "घाबरतीस काय? घरचीच हाय ती." आबांनी कुणाला काही विचारलं नाही, पण त्यांनी त्या आठवड्यात धोतर नीळ घालून धुतलं. शेजारची ठकूकाकू तेवढी आमच्याकडं आली नाही. तिचा बाळू मागच्या पावसाळ्यात पान लागून गेला. पान लागलं म्हणजे साप चावला; आमच्याकडं त्याचं नाव घेत नाहीत. माझ्याहून दोन यत्ता खाली होता तो, माझ्या मागं मागं असायचा. तेव्हापासून ठकूकाकू कुणाकडं जात नव्हती. पण नवमीच्या आदल्या दिवशी मी पाण्याला गेले तर ती वाटेत उभी. इकडंतिकडं बघून म्हणाली, "कुशे, तुजी आई आली की माजं येक इचारशील? लहान पोराचं सराद नसतं गं. त्येला कुनी घास घालत न्हाई. मंग तिकडं माजा बाळ्या जेवतो कुठं?" मी म्हटलं, "काकू, तूच ये की. तूच इचार." मला वाटलं, आई येणार आहे तर सगळ्यांचंच काम होऊन जाऊ दे.

नवमीचा दिवस मला अजून वासानं आठवतो. उडदाचे वडे, अळूचं फदफदं, गवार, कढी, तांदळाची खीर. आत्ती पहाटेपासून चुलीपुढं, कपाळावर घाम, आणि तोंडानं सारखं, "तिला कढी जरा आंबट लागायची, ताक घाल आनखी." दुपारी सूर्य माथ्यावर आला तोवर ओसरी बायांनी भरली होती. खिडकीच्या गजांमागं पोरांची तोंडं, कुंपणावर पोरं, फणसाच्या फांदीवर पोरं. आबा गोठ्यात जाऊन त्याच त्या म्हशीला पुन्हा पुन्हा पाणी दाखवत होते आणि म्हैस तोंड फिरवत होती. मी लाल रिबीन बांधून पाटासमोर बसले. आत्तीनं हिरवं लुगडं आधी टाकाला लावलं, मग मावशीला नेसवलं, ओटी भरली, केळीच्या पानावर वाढलं. बाहेर पितरांच्या घासाची वाडी ठेवली होती ती कावळ्यानं ठेवल्या ठेवल्या उचलली आणि पोरं ओरडली, "नेला! घास नेला!" बायांनी हात जोडले. मावशीनं पहिला घास टाकाला दाखवला आणि तोंडात घातला.

"सुंदरा," आत्ती म्हणाली, "आलीस का गं?"

मावशी आढ्याकडं बघत घास चावत राहिली. एक घास, दुसरा घास. मी गुडघ्यांवर उभी राहिले. "आई, ये की. म्या हितं हाय." माशी घोंगावत होती, कढीवर बसायला बघत होती. बायांची चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात मागून गर्दी हलली. ठकूकाकू वाट काढत पुढं आली, पाटापुढं बसली आणि तिनं मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सुंदरा, माजा बाळ्या भेटला का गं तुला? त्येला सरादाचं कायबी न्हाई. उपाशी हाय का त्यो?"

मावशीनं नजर खाली केली. ठकूकाकूचं तोंड मीही बघितलं. वर्षभर झोपलेली नसावी असं ते तोंड. मावशीचा घास गालातच राहिला. "भेटला," ती म्हणाली. "उपाशी न्हाई. माज्या ताटात जेवतो."

ओसरीवर एकदम गलका झाला. आली, आली, सुंदरा आली! कुणी कुंकू आणायला धावलं, कुणी दारातून आबांना हाका मारायला लागलं. आत्ती तर हात जोडून रडायलाच लागली. आणि मी? मला लख्ख कळलं, की ही आई नव्हे. आवाज मावशीचा, हेल पानशेतकडचा, ओठ थरथरत होते ते मावशीचेच. आई आलेलीच नव्हती. मला इतका राग आला, की ओरडून सगळ्यांना सांगावं, खोटं बोलतीय ही! शब्द जिभेच्या टोकावर आले होते. पण ठकूकाकू आता आणखी पुढं सरकली होती. ती आधाशासारखी विचारत होती, "तुज्या ताटात? मंग आधी काय मागतो गं? हितं मागायचा, त्येच मागतो का?" मावशीला कुठून माहीत असणार? तिनं बाळूला बघितलंही नव्हतं, ती आली त्याच्या आधीच तो गेलेला. ठकूकाकूच्या तोंडावर आलेला उजेड थांबून राहिला. मावशीनं माझ्याकडं बघितलं. कधी नव्हे ते सरळ माझ्या डोळ्यांत.

माझं तोंड आपोआप उघडलं. "आई," मी मोठ्यानं म्हणाले, "बाळ्या अजून खरवडीसाठी भांडतो का गं? भांड्याच्या बुडाला लागलेला भात, मला कवाच देत नसायचा त्यो."

"भांडतो तर," मावशी म्हणाली. तिचा आवाज आता धरून राहिला होता. "समदी खरवड त्येलाच लागती. मला येक कन ठेवत न्हाई."

ठकूकाकू हसली! वर्षात पहिल्यांदा. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली, "भांडतो माजा बाळ्या, भांडतो," म्हणत बायांच्या अंगावर पडली. मघाचा राग कुठं गेला मला कळलं नाही. आपल्या एका वाक्यानं एवढं होऊ शकतं! उड्या माराव्यात असं वाटत होतं. पुढं ठकूकाकू जगली तोवर दर नवमीला आमच्याकडं तपेलं घेऊन यायची, बुडाला मुद्दाम लावलेल्या भाताचं, आणि आत्ती ते आईच्या पानावर वाढायची. मी सासरी गेल्यावरही ते चालू होतं.

बाया जेवून, कुंकू लावून गेल्या. पोरं झाडावरून उतरली. आबा ओसरीवर एकटेच बसले होते आणि आत्ती त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. मावशीचं पान मात्र तसंच होतं, वडा दातानं तोडलेला, खीर वाळत चाललेली. मी तिला शोधलं तर ती मागच्या पडवीत पाट्यापाशी बसली होती, हिरव्या लुगड्यात, दोन्ही हातांनी टाक मुठीत घट्ट धरून. रडत नव्हती. भ्याली होती. एवढं मोठं माणूस इतकं भ्यालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"मावशी, जेवायला चल की."

"कुशे, म्या खोटं बोलले," ती म्हणाली. "तिचं नाव घिऊन बोलले. ठकूआक्का तसं बघाय लागली आन् मला ऱ्हावंना. आता ती मला सोडायची न्हाई."

"कोन?"

"तुजी आई!" ती कुजबुजली, टाकाला ऐकू जाऊ नये अशी. "तू तिला सांगायचीस आन् ती माज्याकडं बघायची. भाकरी जाड हाय म्हनलीस, त्या रातीला मला झोप न्हाई. म्हनलं, हिचं ऐकलं न्हाई तर ती रुसंल. रिबिनीपायी तुज्या आबाच्या मागं मागं फिरले. तुला आत्तीपाशी झोपायचं न्हवतं, तर वन्सांची बोलनी खाऊन तुजी वाकळ हलवली. समदं तिच्या धाकानं केलं बाई. पर ह्ये अंगात यायचं मला कसं जमावं? आन् आज म्या..."

म्हणजे भाकरी हिनं पातळ केली होती. रिबीन हिनं आणवली होती. तुम्ही म्हणाल, इथं माझी आई माझ्यापासून दुसऱ्यांदा गेली असेल. अजिबात नाही! मला वाटलं, बघा, आई इतकी बळाची होती, की नखाएवढ्या पत्र्यातून तिनं हिला पळवलं. आज इतक्या वर्षांनी, हॉटेलच्या गल्ल्यापाशी बसून विचार करते तेव्हाही मला त्यात चूक सापडत नाही. पण त्या क्षणी विचार करायला वेळ नव्हता. समोर मावशी पांढरीफटक बसली होती आणि आईला ओळखणारी त्या घरात माझ्याइतकी कुणी नव्हती. मी तिची मूठ सोडवली, टाक वर केला, त्याच्याकडं बघितलं. तिला धीर येईल असं काहीतरी आईच्या नावानं सांगायचं, एवढंच मनात होतं. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. आणि मला ऐकू आलं. कानात नव्हे, कुठून ते मला आजही सांगता येणार नाही, पण तोच आवाज, थोडा बसका, तोच दटावणीचा सूर, दोन वर्षांत पुसट होत गेलेला, एकदम जवळून. मी तो तसाच बोलून मोकळी झाले.

"आई म्हनती, दोन जिवांच्या बाईनं भरल्या ताटावरनं उठू नये. जा म्हनावं, आधी जेव."

मावशीनं माझं मनगट धरलं. "काय म्हनाली?"

"आधी जेव म्हनाली."

"त्येच्या आदी."

"दोन जिवांच्या बाईनं भरल्या ताटावरनं..." मला त्याचा अर्थही नीट लागत नव्हता.

"तुला ह्ये कुनी सांगितलं?"

"आईनं."

मावशीचा दुसरा हात पोटावर गेला. "कुशे," ती म्हणाली, "ह्ये म्या अजून वन्सांस्नी सांगितलं न्हाई. तुज्या आबास्नीबी न्हाई." मग तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली, आत गेली आणि पानावर बसली.